माळावरील एक गांव



अमेरिकेंतील कॅन्सस संस्थानांत, अफाट गवताळ माळावर, व्हिक्टोरिया नांवाचें खेडें आहे. सन १८७६ मध्यें रशियांतील व्होल्गाकांठचे जर्मन कॅथलिक शेतकरी तेथें येऊन वसले. झाडें इतकीं विरळ, कीं त्या मुलखांत कुंपणाचे खांबही दगडाचे! आरंभीं लांकडी क्रुसाभोंवतीं जमून ते प्रार्थना करीत. पुढें १९०८ ते १९११ या काळांत त्यांनीं भव्य ख्रिस्तमंदिर उभारिलें. बारा वर्षांवरील प्रत्येकाच्या वांट्यास वर्षाला ४५ डॉलर, शिवाय सहा गाड्या दगड! ज्या घरीं अशीं पांच माणसें, त्या घरानें तीस गाड्या वाहावयाच्या. वर्गणीची यादी फिरूं लागतांच आपण कसे दडतों, तें आम्ही जाणतोंच! २०१४ सालीं त्या मंदिरास बॅसिलिकेचा मान लाभला. गांव अजून लहानच आहे.