खांब लांब-आखूड करा, डोंगर कापू नका

(बेलापूर, नवी मुंबई येथील मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

साथींनो, आणि वाड्या-पाड्यांवरून आलेल्या आयाबायांनो,

आपण बसलोय तिथून जवळच उलव्याचा डोंगर होता, सुमारे 90 मीटर उंच. विमानतळासाठी सुरुंग लावून तो कापला. धावपट्टीला सपाटी लागते, हे आपल्यालाही कळतं. पण आता सौर प्रकल्पवाले आपल्या माळावर येऊन तेच बोलतात, "आधी जमीन सपाट करावी लागंल." का बाबा? तिथं विमान उतरवायचंय का?

उतारावर घर बांधताना आपण काय करतो? खालच्या अंगाची मेढ लांब घेतो, वरची आखूड. जोतं तेवढं सारखं करतो, अख्खी टेकडी नाही कापत. सोलरच्या पाट्यांचंही तसंच होतं. जमिनीची नीट मोजणी करायची आणि चढ-उतार बघून लोखंडी खांब कमी-जास्त उंचीचे ठोकायचे. खडक लागला तर भोक पाडून खांब बसवायचा. सूर्याबरोबर फिरणाऱ्या पाट्यांची रांग पूर्वी एका सरळ नळीवर असायची, म्हणून जमीन सरळ लागायची. आता नळीला मध्ये सांधे देतात, रांग उतारासारखी वळते. दक्षिणेकडचा उतार उन्हाला चांगला. उत्तरेकडचा आणि ओहोळाचा भाग सोडून द्यायचा. रस्त्यापुरती आणि ट्रान्सफॉर्मरच्या ओट्यापुरती जागा सारखी करावी लागते, तेवढं आपण मान्य करू. मोजणीला आणि लोखंडाला खर्च वाढंल, पण जेसीबीचा वाचंल.

आपला हट्ट कशासाठी, तेही सांगतो. एक मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. एवढ्या जागेवरची वरची माती खरवडली, तर रायगडचा तीन हजार मिलिमीटरचा पाऊस उरलेली खाली नेईल. ती जाणार आपल्याच भातखाचरात आणि विहिरीत. त्यात पाटीच्या कडेवरून पाणी एकाच रेघेत पडतं. खाली गवत नसलं की तिथं घळ पडते. करार साधारण पंचवीस वर्षांचा. तो संपल्यावर पाट्या काढून नेता येतात, माती परत आणता येत नाही. नाचणी-वरई मग कशावर करायची?

पण त्याआधी जमीन कोणाची, हे ठरलं पाहिजे. आपल्या दळीच्या जमिनींचे कितीतरी दावे अजून पडून आहेत. रायगड अनुसूचित क्षेत्रात नाही, पेसा इथं लागत नाही. पण 2006 चा वनहक्क कायदा लागतो. दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कलम 4(5) प्रमाणे कुणाला हुसकता येत नाही. मिळालेला पट्टा वारसाला जातो, विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. म्हणून कोऱ्या कागदावर अंगठा नको. आणि गावाला स्वतःलाच सौर वीज हवी असेल, तर कलम 3(2) मध्ये अपारंपरिक ऊर्जेची सोय आहे : एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी जास्तीत जास्त पंचाहत्तर झाडं, आणि ग्रामसभेची शिफारस. वीज आपल्यालाही पाहिजेच की! अंधारात बसायची हौस कुणाला?

पुढच्या ग्रामसभेत सर्वेवाला आला, तर त्याला चार गोष्टी लिहून मागा : उताराचा नकाशा, किती माती हलवणार, पाणी कुठून काढणार, आणि खाली गवत व गुरांची वाट ठेवणार का. उत्तर तोंडी देऊ लागला, तर ठराव-वहीत तसंच लिहा. दळीची जुनी पुस्तकं, दाव्याच्या पावत्या, सातबारे असतील ते सोबत आणा. झेरॉक्स द्या, मूळ कागद हातातून सोडू नका.

जिंदाबाद!