बधिर पावलांची योगसाधना



अंगारकी चतुर्थी आली की जालन्याहून राजूरच्या गणपतीकडे जाणारा रस्ता रात्रभर भाविकांनी फुललेला असतो. सुमारे २५ किलोमीटरची ही वाट कित्येकजण अनवाणी चालतात. त्या गर्दीत मधुमेहीही असतात, आणि त्यांतील काहींना पायात काच रुतली तरी कळत नाही. जखम लक्षात येते ती घरातले कोणी फरशीवरचे रक्त दाखवते तेव्हा.

रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की मज्जातंतू आणि त्यांना पोसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या क्षीण होतात. सर्वांत लांब मज्जातंतू पावलांपर्यंत जाणारे. म्हणून आरंभ बोटांपासून. प्रथम मुंग्या, रात्री आग, आणि मग बधिरता. आग थांबली म्हणून रुग्ण समाधान मानतो. वस्तुतः अनेकदा तंतूची संवेदनाच मावळलेली असते.

येथे योगाचे साहाय्य होते काय? श्रद्धेने ‘होय’ म्हणणे सोपे आहे. परंतु स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम उभारले, ते योगक्रियांना प्रयोगशाळेच्या कसोटीवर घासण्यासाठी. त्याच वृत्तीने दिल्लीतील संशोधकांनी केलेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. वीस मधुमेहींनी ४० दिवस, रोज अर्धा-पाऊण तास सूर्यनमस्कार, ताडासन, अर्धमत्स्येंद्रासन, प्राणायाम, शवासन असा क्रम केला. त्यांच्या उजव्या हातातील मज्जातंतूचा संदेशवेग सेकंदाला ५२.८ मीटरवरून ५३.९ मीटरवर गेला. केवळ चालण्यासारखा हलका व्यायाम करणाऱ्या वीस जणांमध्ये मात्र तंतूंचे कार्य खालावले. लाभ अल्प आहे, माणसे थोडी आहेत, आणि मोजमाप हाताचे आहे, पायाचे नव्हे. योगाच्या अभिमान्यांनी हेही सांगितले पाहिजे. ‘गोळ्या सोडा, आसने करा’ असे व्यासपीठावरून सांगणारा योगाची सेवा करीत नाही. तो रुग्णाचा पाय पणाला लावतो.

समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब याच जिल्ह्यात. सूर्यनमस्कार आणि बलोपासनेची परंपरा त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. स्नायू राबले की साखर वापरली जाते, संथ श्वसनाने मनाचा ताण उतरतो आणि घोट्यांचा तोल सुधारतो. बधिर पायांना तोल फार मोलाचा. पण अशा साधकाने घाई करू नये. ताडासन भिंतीजवळ करावे. आसनातून उठताना थांबून उठावे, कारण रक्तदाब एकाएकी उतरून भोवळ येऊ शकते. डोळ्यांच्या पडद्याला इजा असेल तर शीर्षासन वर्ज्य. इन्सुलिन घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारून वेळ ठरवावी व जवळ साखर ठेवावी. आणि मराठवाड्याच्या वैशाखात तापलेल्या गच्चीवर अनवाणी नमस्कार घालू नयेत; तळवा भाजला तरी त्याला कळणार नाही.

मग राजूरची वारी सोडायची काय? पावलांचा स्पर्श हरवला असेल, तर एवढा पल्ला पायी गाठण्याचा हट्ट नको, वाहनाने जावे. थोडे चालायचेच, तर डॉक्टरांच्या संमतीने, मऊ तळाचे, आतून हाताने चाचपून पाहिलेले पादत्राण घालून. ते उतरवावे देवळाच्या पायरीशी. परतल्यावर तळव्याखाली आरसा धरावा, आणि दृष्टी मंद असेल तर सुनेला अथवा नातवाला पाहावयास सांगावे.