ॲडजस्ट करू, पण मोजून

(रौप्यमहोत्सवी कॅरम स्पर्धेच्या उद्घाटनाला क्लबहाऊसमध्ये झालेलं भाषण)



मला विषय दिलाय ‘जीवनात खेळाचे महत्त्व’. ते तुम्हाला ठाऊक आहे. मी बोर्डाच्या मापांवर बोलतो, कारण गेले पंधरा दिवस लिफ्टमध्ये आणि पार्किंगमध्ये वाद चाललाय तो त्याच्यावरूनच. बी विंगचा बोर्ड मोठा, डी विंगचा लहान. मग स्पर्धा कुठल्या बोर्डावर? “घरचीच स्पर्धा आहे, ॲडजस्ट करा हो,” असं बरेच जण म्हणतात. करू की. पण कशात करायचं आणि कशात नाही, एवढं आज ठरवून टाकू.

नियमाप्रमाणे कॅरमचा खेळायचा चौकोन 73.5 ते 74 सेंटिमीटरचा असतो. तो फ्रेमच्या आतून मोजायचा. आपण टेप लावतो बाहेरून, म्हणून निम्मे घोळ. पॉकेट 4.45 सेंटिमीटर आणि स्ट्रायकर जास्तीत जास्त 4.13. म्हणजे फरक जेमतेम तीन मिलिमीटरचा, पण सगळा खेळ त्या तीन मिलिमीटरमध्ये आहे. स्ट्रायकर आत पडू शकतो, पडला की फाऊल, आणि मिळवलेली एक सोंगटी परत बोर्डावर.

काल मी डी विंगच्या बोर्डावर स्ट्रायकर पॉकेटवर ठेवून पाहिला. पडतच नाही! झाकणासारखा वर बसतो. अशा बोर्डावर मुलं काय शिकणार? तोंडाशी सोंगटी दिसली की मागून धाडकन मारायचं. खऱ्या बोर्डावर तिथे कट मारावा लागतो, नाहीतर हात हलका सोडावा लागतो. गेल्या वर्षी आपला एक मुलगा बाहेरच्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरला. एका बोर्डात तीनदा स्ट्रायकर गेला. घरी येऊन जेवला नाही पोरगा. त्याला बोलणी बसली, पण त्याचं काय चुकलं? स्ट्रायकर पडतो हे त्याच्या हाताला माहीतच नव्हतं.

आता थोडं विषयांतर. बिलियर्ड्सच्या मोठ्या टेबलाला आपण बारा बाय सहा फूट म्हणतो, पण कुशनच्या आत ते 11 फूट 8½ इंच बाय 5 फूट 10 इंच भरतं. शिवाय क्यू मागे घ्यायला चारी बाजूंनी पाच-पाच फूट जागा हवी. म्हणजे जवळजवळ 22 बाय 16 फुटांची खोली झाली, आपल्यातल्या कित्येकांच्या हॉलपेक्षा मोठी. इंग्लंडच्या पबमध्ये एवढी जागा कुठली? तिथे 1930च्या दशकात बार बिलियर्ड्स आलं. टेबल लहान, आणि सगळे फटके एकाच बाजूने, त्यामुळे टेबल भिंतीला लावता येतं. खाली टेबलात भोकं, वर छत्रीसारखे लाकडी खुंटे. त्यातला काळा खुंटा पाडला की आधीचे सगळे गुण शून्य! जागा कमी केली, पण खेळणाऱ्याच्या पोटातला गोळा तसाच ठेवला. आणि ते लहान टेबल म्हणजेच बिलियर्ड्स असं म्हणत बसले नाहीत. त्याचे नियम वेगळे लिहिले.

आपणही तसंच करू. स्टँडची उंची नियमात 63 ते 70 सेंटिमीटर आहे. ज्येष्ठांना गुडघ्यामुळे खुर्चीवर उशी हवी असेल तर खुशाल घ्या, लहानांना उभं राहून खेळू द्या. गेम 25 पॉइंटचा किंवा आठ बोर्डांचा असतो, पण हॉल दहाला बंद करायचा असल्याने आपण चार बोर्डांचा ठेवू. ह्यात कुणाचं नुकसान नाही, दोघांना सारखंच. पण चौकोन, पॉकेट, स्ट्रायकर आणि बेस लाइन ह्यांना हात लावायचा नाही. सगळ्या मॅचेस, अगदी महिलांच्या आणि दहा वर्षांखालच्यासुद्धा, बी विंगच्याच बोर्डावर.

डी विंगवाल्यांनी रागावू नये. तुमचा बोर्ड फेकायचा नाहीये. चौकोन मोठा करता येत नाही, पण कानस लावून पॉकेट मोठं करता येतं. आपल्यातल्या एका निवृत्त सभासदांनी रविवारी ते काम करून द्यायचं कबूल केलंय. मग सरावाला तोही बोर्ड चालेल, निदान स्ट्रायकर तरी पडेल.

नियमांचा कागद आत्ताच नोटीस बोर्डावर लावलाय. हरकत असेल त्यांनी पहिली मॅच सुरू व्हायच्या आत सांगावी, नंतर ऐकली जाणार नाही. मॅच साडेसहाला आहे, ए विंग विरुद्ध सी विंग. पावडर कमिटीकडून. आणि कृपा करून पंखा बंद ठेवा, ती सगळी उडून राणीवर बसते.