सेवाकार्य मंडळीच्या जोडीला, मंडळीच्या जागी नव्हे



आज थोडे स्वतःबद्दलच बोलणार आहे. मी कोणत्याही मंडळीचा नेमलेला पाळक नाही. आमचे एक लहान सेवाकार्य आहे. आम्ही पवित्र शास्त्राचे वर्ग घेतो, पुस्तिका छापतो, हे व्हिडिओ करतो. म्हणजे ज्याला आपण स्वतंत्र सेवाकार्य म्हणतो, त्यातलाच मी एक.

काही महिन्यांपूर्वी सुरतेहून एका भावाचा फोन आला. म्हणाले, "ब्रदर, आता आम्ही मंडळीत जात नाही. तिथे उपासना हिंदीत आणि गुजरातीत होते, मन भरत नाही. रविवारी सकाळी सगळे घर तुमचाच व्हिडिओ लावून बसते. यापुढे दशमांशही तुमच्याकडेच पाठवू."

खोटे कशाला बोलू, क्षणभर मला बरे वाटले. मग मी विचारले, "मागच्या महिन्यात तुमची आई दवाखान्यात होती. भेटायला कोण आले?" ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंडळीतल्या दोन बहिणी. रोज डबा घेऊन यायच्या."

त्या डब्याने मला जागे केले. व्हिडिओ कितीही चांगला असो, तो डबा घेऊन येत नाही. तो बाप्तिस्मा देत नाही, प्रभुभोजनाला शेजारी बसत नाही, मातीला खांदा देत नाही. तुम्ही तीन रविवार दिसला नाहीत, तर मला कळतसुद्धा नाही.

मग स्वतंत्र सेवाकार्य चुकीचे आहे का? मुळीच नाही. पंडिता रमाबाईंचेच पाहा. 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणि विधवा आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन उभे राहिले. इतक्या जणींना अन्न, कपडा, शिक्षण आणि हाताला काम देणे एखाद्या गावच्या लहानशा मंडळीला झेपले असते का? बाईंनी कोणत्या एका पंथाची वाट पाहिली नाही. मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी साध्या मराठीत बायबलचे भाषांतर केले, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात छापले गेले. अशी कामे एका मंडळीच्या आवाक्याबाहेरची असतात. भाषांतर, छपाई, अंधांची शाळा, दवाखाना, दुष्काळातली मदत, अशा ठिकाणी देव काही जणांना वेगळे बोलावतो.

पण वेगळे बोलावणे म्हणजे तुटून जाणे नव्हे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 13 वाचा. पौल आणि बर्णबा आपणहून निघाले नाहीत. अंत्युखियाची मंडळी उपास आणि प्रार्थना करत होती. पवित्र आत्म्याने सांगितले, मंडळीने हात ठेवले आणि मग त्यांना पाठवले. आता अध्याय 14 चा शेवट पाहा. काम झाल्यावर ते त्याच मंडळीकडे परत आले, सगळ्यांना जमवले, देवाने काय काय केले ते सांगितले आणि पुष्कळ दिवस तिथेच राहिले. वाटेत गावोगावी त्यांनी वडील नेमून दिले होते. लोकांना आपल्याभोवती गोळा करून ठेवले नाही, मंडळीच्या हाती सोपवले.

आपल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे उदाहरण घ्या. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. 1919 साली टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. पण त्यांची गीते आजही आपण गातो. का? कारण ती मंडळीच्या उपासनेत शिरली. 'उपासना संगीत' उघडा, पानोपानी टिळक भेटतात. मंडळीच्या ओठांवर जे गेले, ते राहिले.

आता पैशाबद्दल. हा विषय आपण टाळतो, म्हणूनच वाद वाढतात. यरुशलेमच्या गरिबांसाठी पौलाने वर्गणी गोळा केली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय 8 मध्ये तो सांगतो की मंडळ्यांनी निवडलेला एक भाऊ सोबत होता, म्हणजे कोणी बोट ठेवायला नको. पौलाला हिशोबाची गरज वाटली, तर आम्हाला का वाटू नये?

म्हणून कोणत्याही सेवाकार्याला देणगी देण्याआधी तीन गोष्टी विचारा. आमच्यासकट सर्वांना विचारा. हिशोब कोण तपासते? सेवक स्वतः कोणत्या मंडळीत बसतो आणि चुकला तर त्याला कोण थांबवू शकते? आणि नवा विश्वासी मिळाला, तर त्याला कोणत्या मंडळीच्या हाती दिले जाते?

पाळकबंधूंनाही एक विनंती. दर वेळी सेवाकार्याकडे मेंढरे पळवणारा म्हणून पाहू नका. तुमची मेंढरे बाहेर चारा शोधत असतील, तर एकदा त्यांना विचारा की काय कमी पडते. सुरतेच्या त्या भावाला भाषेची भूक होती. ती खरी होती.

मी त्यांना सांगितले, "दशमांश तुमच्या मंडळीत द्या. रविवारी तिथेच बसा. आणि पाळकांना विचारून बुधवारी घरी मराठी प्रार्थना सुरू करा. हवा तर तेव्हा आमचा व्हिडिओ लावा." त्यांना वाईट वाटले असावे. बरेच दिवस फोन आला नाही. मग एकदा आला. बुधवारी पाच घरे जमतात म्हणे. पाळक गुजराती, पण तेही येऊन बसतात आणि आता एक मराठी गीत शिकले आहेत.

आमच्या व्हिडिओचा एक प्रेक्षक रविवारपुरता कमी झाला. मी देवाचे आभार मानले.

येत्या रविवारी हा व्हिडिओ बंद ठेवा आणि उपासनेला जा. प्रभू तुम्हाला आशीर्वादित करो. आमेन.