संतोषाचा उपदेश आणि वस्तूंचा हक्क

(कोल्हापूर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चळवळीतील जुन्या कार्यकर्त्यांच्या तोंडी एक तक्रार वारंवार ऐकू येते. घरात फ्रीज आला, दारात मोटारसायकल आली, हाती मोबाईल आला आणि माणसे मोर्चाला येईनाशी झाली. वस्तूंनी माणूस स्वार्थी केला, आणि एवढे होऊनही तो सुखी झाला नाही तो नाहीच, असा या तक्रारीचा उत्तरार्ध असतो. गावोगावच्या सप्ताहांत आणि शहरांतील वातानुकूलित सभागृहांत भरणाऱ्या प्रवचनांतही हेच सांगितले जाते की सुख वस्तूंत नाही, ते मनात आहे. समाजवादी कार्यकर्ता आणि प्रवचनकार एकाच वाक्यावर येऊन थांबतात, तेव्हा त्या वाक्याची नीट तपासणी झाली पाहिजे.

महाराष्ट्रातील समाजवादी चळवळीला साधेपणाचा मोठा वारसा आहे. साने गुरुजी, एस. एम. जोशी यांच्या राहणीचा लोकमानसावर जो प्रभाव पडला, तो त्यांच्या भाषणांच्या प्रभावाहून कमी नव्हता. गांधीजींचे अपरिग्रहाचे व्रत या परंपरेच्या मुळाशी आहे. परंतु व्रत हे घेणाऱ्याचे असते. ज्याच्या घरी दोन सदरे आहेत त्याने एक देऊन टाकणे हा अपरिग्रह होय. ज्याच्याजवळ एकच सदरा आहे त्याला अपरिग्रहाची महती ऐकवणे याला काय म्हणावे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

या बाबतीत डॉ. राममनोहर लोहियांची दृष्टी स्वच्छ होती. १९६३ साली लोकसभेत अविश्वासाच्या ठरावावर बोलताना, या देशातील सत्तावीस कोटी माणसे दररोज तीन आण्यांवर जगतात, असे त्यांनी सांगितले. सरकारपक्षाने उत्तरादाखल पंधरा आण्यांचा आकडा पुढे केला. तो वाद गाजला तो आकड्यांमुळे. पण त्या संबंध वादात, तीन आणेवाला मनाने समाधानी आहे की नाही, हा प्रश्न लोहियांनी चर्चेला येऊ दिला नाही, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. उलट पंतप्रधानांवर दररोज होणाऱ्या पंचवीस हजारांच्या खर्चाकडे त्यांनी बोट दाखवले. पुढे त्यांनी मांडलेली खर्चावरील मर्यादेची कल्पना याच विचारातून आली. मर्यादा वरच्याला घालायची. खालच्याच्या गरजांना नव्हे.

आता कोल्हापूरकडे वळू. वस्तू आणि सुख यांच्या नात्याचा अभ्यास करायला याहून चांगली जागा शोधावी लागत नाही, कारण या जिल्ह्याने ते नाते पाण्यात बुडालेले पाहिले आहे. २०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी पंचावन्न फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी त्रेचाळीस फुटांची आहे. पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील नदीकाठची गावे पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर प्रत्येक दारासमोर ढीग लागले. भिजलेल्या गाद्या, कुजू लागलेले धान्य, शाळेची दप्तरे, फुगलेली कपाटे, चिखलाने भरलेले टीव्ही संच. दोनच वर्षांनी, २०२१च्या जुलैमध्ये, तीच घरे पुन्हा बुडाली.

अशा वेळी ‘जीव वाचला, वस्तू काय, पुन्हा येतील’ असे म्हणण्याची रीत आहे. शेजाऱ्याने शेजाऱ्याला म्हटले तर त्यात माया असते. व्यासपीठावरून म्हटले गेले की मात्र त्याचा अर्थ पालटतो. ज्या घरात पाणी शिरले नाही तिथून ते म्हटले जाते म्हणून नव्हे केवळ; वस्तू म्हणजे काय, याविषयीचे अज्ञान त्यात असते म्हणून. शेतमजुराच्या किंवा उद्यमनगरातल्या फौंड्रीत काम करणाऱ्या कामगाराच्या घरातील कपाट म्हणजे साठवलेले श्रम होत. टीव्हीचे हप्ते अठरा महिने फेडलेले असतात. ते अठरा महिने पाण्याबरोबर वाहून जातात. बाईच्या बाबतीत तर वस्तू म्हणजे सरळसरळ वेळ. पिठाची गिरणी गावात आली तेव्हा पहाटेचे जाते थांबले. जात्यावरच्या ओव्यांचे कौतुक करणाऱ्या विद्वानांनी स्वतः किती पायली दळले होते, हे एकदा विचारायला हवे होते. नळ आला, गॅस आला, तसा तिच्या दिवसातील एकेक तास मोकळा झाला. महापुरात गेलेल्या मिक्सरचा शोक करणारी बाई चंगळवादी नसते. तिच्या हातून गेलेला तास तिला परत हवा असतो.

आणि शासन या वस्तूंचे मोल कसे करते? आपत्ती निवारण निधीच्या त्या काळच्या निकषांत कपड्यांसाठी एका कुटुंबाला १,८०० रुपये आणि भांडीकुंडी व घरगुती सामानासाठी २,००० रुपये धरलेले होते. तेही घर दोन दिवसांहून अधिक पाण्यात असेल तर. २०१९ साली राज्य सरकारने ही रक्कम वाढवून ग्रामीण कुटुंबाला दहा हजार आणि शहरी कुटुंबाला पंधरा हजार केली. शहरातल्या गादीपेक्षा गावातली गादी स्वस्तात भिजते, असा याचा अर्थ घ्यावयाचा काय? मोफत धान्यासाठीही घर दोन दिवस बुडालेले असण्याची अट शासननिर्णयात घातली गेली आणि तिच्यावर रास्त टीका झाली. एका दिवसात ओसरलेले पाणी चुलीवर दया करते, असा अनुभव नदीकाठच्या कोणालाही नाही.

तर पहिली गोष्ट ही की, भीती आणि कष्ट यांतून सोडवणारी वस्तू सुख देते, आणि ते सुख खोटे नाही. दुसरी गोष्ट थोडी अधिक अवघड आहे, आणि ती समजून घ्यायला या शहराच्या इतिहासातील एका चहाच्या दुकानाकडे जावे लागते.

गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकरीला होते. सवर्ण नोकरांच्या पाण्याला शिवल्याबद्दल त्यांना मारहाण झाली. महाराज परगावी होते. परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना नोकरीतून मोकळे करून स्वतंत्र धंद्यासाठी मदतही दिली. भाऊसिंगजी रोडवर ‘सत्यसुधारक’ नावाचे हॉटेल निघाले. दुकान स्वच्छ, चहा उत्तम. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? तेव्हा महाराज आपली गाडी हॉटेलासमोर थांबवू लागले, सर्वांच्या देखत चहा मागवू लागले आणि बरोबरच्या उच्चवर्णीय मंडळींनाही पाजू लागले. सोडावॉटरचे यंत्रही त्यांनी गंगारामांना घेऊन दिले.

या कथेतील महाराजांच्या औदार्याचे वर्णन नेहमी होते. तिच्यातील अर्थशास्त्राकडे मात्र दुर्लक्ष होते. गंगारामांजवळ दुकान होते, भांडी होती, कपबशा होत्या; मालकी पूर्ण होती. तरीही जोवर रस्त्यावरचा माणूस त्या कपाला ओठ लावत नव्हता, तोवर त्या मालकीतून ना उत्पन्न निघत होते, ना समाधान. भांडवल देऊन काम भागले असते तर महाराजांना रोज गाडी थांबवावी लागली नसती. वस्तूचे सुख तिच्या मालकापाशी एकटे राहत नाही. चार माणसांच्या नजरेत त्याचे जे स्थान असते त्यावर ते अवलंबून असते.

ही नजर वरच्या बाजूलाही काम करते, आणि तिथे तिचे विष होते. नॉर्वेजियन वंशाचे अमेरिकन विचारवंत थॉर्स्टाईन व्हेब्लेन यांनी १८९९ सालीच दाखवून दिले होते की श्रीमंतांचा पुष्कळसा खर्च उपभोगासाठी नसतो, तो दिसावा यासाठी असतो. १९७४ साली रिचर्ड ईस्टरलिन या अर्थशास्त्रज्ञाने एक कोडे मांडले. एका देशात श्रीमंत माणसे गरिबांपेक्षा स्वतःला अधिक सुखी म्हणवतात; पण सबंध देशाचे उत्पन्न वर्षानुवर्षे वाढत गेले तरी लोकांचे सुख त्या प्रमाणात वाढलेले दिसत नाही. या निष्कर्षावर पुढील संशोधकांनी जोरदार वाद घातला असून तो अजून मिटलेला नाही. पण वाद आहे तो सबंध देशाच्या चढत्या उत्पन्नाविषयी. उपाशी माणसाला भाकरीने सुख होते की नाही, याविषयी कोणत्याही पक्षाला शंका नाही. प्रवचनकार मात्र ईस्टरलिनचे उत्तर चिखलीच्या पूरग्रस्ताला देऊन मोकळे होतात.

ही चढाओढ पाहायची तर लग्नाच्या हंगामात गुजरीत एक फेरी मारावी. कोल्हापुरी साज हा या मुलखाचा अलंकार; तो सुंदर आहे, आणि अडीअडचणीला गहाण ठेवता येणारी बाईची शिल्लकही आहे. कर्जाची दारे जिला बंद आहेत तिने सोन्यात बचत केली तर तिला हसण्याचा अधिकार कोणाला नाही. पण तोच साज अमक्याच्या मुलीला एवढ्या तोळ्यांचा घातला म्हणून तमक्याने शेत गहाण टाकून घालायचा, इथे शिल्लक संपते आणि कर्ज सुरू होते. सत्यशोधक समाजाने एकोणिसाव्या शतकात कमी खर्चाच्या, भटजीविना लग्नाचा मार्ग घालून दिला. ज्या घरांत त्या समाजाचे नाव अभिमानाने घेतले जाते, तिथल्या लग्नाच्या मांडवांची लांबी एकदा मोजून पाहावी.

दागिन्याची आणखी एक बाजू शिरोळ तालुक्यातील हेरवाड गावाने पुढे आणली. ४ मे २०२२ रोजी या गावाच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. पतीच्या निधनानंतर बाईचे कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे, बांगड्या फोडणे, पायांतील जोडवी काढणे, हे यापुढे होऊ नये असे गावाने ठरवले. ते शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीचे वर्ष होते. त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांना हा कित्ता गिरवण्यास सांगणारे परिपत्रक काढले. ज्या डझनभर बांगड्यांची किंमत शंभर रुपयेही होत नाही, त्या फोडण्याचा हक्क इतरांकडे होता, आणि त्या फुटण्याने सबंध आयुष्य फुटत होते. बांगड्या बाईच्या, पण त्या घालण्याची परवानगी समाजाची. मग मालकी कोणाची म्हणायची? ठराव झाला म्हणजे प्रथा संपली असे नव्हे. ठरावानंतर किती घरांत त्याप्रमाणे वागले गेले, हे पाहण्याचे काम बायकांच्या संघटनांना अजून पुष्कळ दिवस करावे लागेल.

आता त्या जुन्या तक्रारीकडे. वस्तू आल्या म्हणून माणसे लढायची थांबली काय? कोल्हापूरचे टोलविरोधी आंदोलन याला साक्ष आहे. शहराच्या अंतर्गत रस्त्यांवर टोल बसला तेव्हा एन. डी. पाटील यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. त्यांच्यामागे आणि गोविंद पानसरे यांच्यामागे रस्त्यावर उतरलेल्यांत मोटारसायकलवाले, रिक्षावाले, मोटारी बाळगणारे व्यापारीही होते. वाहन होते म्हणूनच टोल झोंबत होता, हे खरे. पण रस्ता सर्वांचा आहे ही भावना त्याहून खोल होती. २०१५च्या अखेरीस टोल गेला. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत पानसरे यांची हत्या झाली होती. तो दिवस त्यांना पाहायला मिळाला नाही.

सर्वांचे म्हणून जे असते त्याचे सुख मोजले जात नाही, कारण त्याची पावती कोणाच्या नावावर फाटत नाही. शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण हाती घेतले, खासबागेचे कुस्ती मैदान बांधले, त्याला लागून १९१५ साली पॅलेस थिएटर उभे केले. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचे नाव मिळाले. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, हे नाट्यगृह आगीत जळाले. त्या रात्री कलावंत, पडद्यामागचे कामगार आणि साधे प्रेक्षक बाहेर उभे राहून रडत होते. त्यांतील एकाच्याही नावावर त्या वास्तूची एक वीट नव्हती. स्वतःच्या घरातील टीव्ही जळाल्यावर माणूस हळहळतो, पण गाव रस्त्यावर येत नाही. त्या थिएटरात पिढ्यान् पिढ्या कमी पैशांत गाणे ऐकता आले होते. मजुराला खासबागेत कुस्ती बघता येते, रंकाळ्यावर संध्याकाळी बसता येते, तेव्हा त्याची गरिबी संपत नाही, पण शेजाऱ्याच्या मोटारीकडे पाहून जळण्याचे एक कारण कमी होते. असली मैदाने, वाचनालये, सरकारी शाळा आणि दवाखाने एकामागून एक मोडकळीस येऊ दिले की प्रत्येकाला आपापल्या घरात त्यांचा तुकडा विकत घ्यावा लागतो, आणि मग हप्ते सुरू होतात. लोक चंगळवादी झाले म्हणून रागावणाऱ्यांनी या क्रमाकडे लक्ष द्यावे.

कामाचे बोलायचे तर, पावसाळ्यापूर्वी नदीकाठच्या शाखांनी दोन गोष्टी कराव्यात. एक, पूररेषेतील प्रत्येक घरातील सामानाची, विशेषतः रोजगाराच्या साधनांची, यादी कुटुंबाच्या सहीनिशी तयार ठेवावी. शिलाई मशीन, हातगाडी, चप्पल शिवण्याची हत्यारे, दुभती जनावरे. निकषांत हस्तकला व हातमाग कारागिरांच्या साधनांसाठी वेगळी तरतूद आहे, पण घरी मशीन चालवणारी बाई तिच्यात सहजासहजी बसत नाही. तिला बसवून घेण्यासाठी तहसील कचेरीत खेटे घालावे लागतील. दुसरी, गावातील आणि शहरातील मदतीत फरक करू नये, आणि दोन दिवसांची अट लावू नये, या मागण्यांचे निवेदन ग्रामसभांच्या ठरावांसह जिल्हाधिकाऱ्यांकडे जावे. हेरवाडच्या ग्रामसभेने जे करून दाखवले, ते चिखलीच्या आणि आंबेवाडीच्या ग्रामसभांनाही करता येईल. ठरावाचा मसुदा शिरोळ आणि करवीर तालुक्यांच्या कार्यकर्त्यांनी मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एकत्र बसून लिहावा.