पहिला घास कोणाचा?

अन्नाचा विचार बहुधा चवीपासून किंवा पोषणमूल्यापासून सुरू होतो. नंदुरबार जिल्ह्याचा अन्नव्यवहार मात्र या दोन्हींच्या अलीकडच्या एका प्रश्नापासून उलगडू लागतो, आणि तो प्रश्न म्हणजे पिकलेले अन्न खाण्यास मोकळे कधी होते व ते मोकळे करण्याचा अधिकार कोणाचा. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक अनुसूचित जमातींचे आहेत. अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरात प्रामुख्याने भिल्ल आणि पावरा, तर नवापूर भागात मावची आणि कोकणी समाजाची वस्ती आहे.

नव्या पिकाचा पहिला घास देवांना आणि पूर्वजांना दाखवून मगच तो घरात घेण्याच्या विधीला नवाई म्हणतात. पावसाळा सरत येतो तेव्हा मक्याची कणसे भरलेली असतात, वेलींना काकड्या लागलेल्या असतात, आणि नेमक्या याच दिवसांत गेल्या सालच्या धान्याच्या कणग्या तळाला गेलेल्या असतात. म्हणजे भूक सर्वांत मोठी असताना पीक डोळ्यांसमोर डोलत असते आणि तरी त्याला हात लावायचा नसतो. कोवळे पीक अवेळी खाल्ले जाऊ नये म्हणून ही तजवीज, असा व्यावहारिक अर्थ लावता येतो आणि तो खोटाही नाही. परंतु तेवढ्यावर थांबले तर पूर्वजांना बोलावण्याचे प्रयोजन उरत नाही. शेत कसणारा हा धान्याचा शेवटचा वाटेकरी आहे, त्याच्या आधी रांगेत इतर उभे आहेत, ही समजूत या विधीच्या मुळाशी आहे. पावसाने रान हिरवे झाल्यावर येणारी नीलचारीची पूजाही त्याच जातीची असून, काही पाड्यांत ती होईपर्यंत कोवळी रानभाजी चुलीवर चढत नाही.

सपाटीवरचे तालुके याला अपवाद आहेत असे समजण्याचे कारण नाही. शहादा-नंदुरबारकडे अखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरली जाते, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस यांचा नैवेद्य होतो, आणि जुन्या वळणाच्या घरांत तोवर आंबा चाखला जात नाही. डोंगरात मका आणि सपाटीवर आंबा, एवढाच काय तो फरक. हाच आंबा अक्राणीच्या उतारांवर कैरी असतानाच उतरवून, सोलून, फोडी करून उन्हात वाळवला जातो आणि आमचूर म्हणून व्यापाऱ्याच्या काट्यावर जातो. तेथे पहिल्या घासाचा प्रश्नच उद्भवत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

खाण्याच्या या क्रमाला श्रमाची जोड आहे. नर्मदाकाठच्या भिल्ल-भिलाला वस्त्यांत लाह नावाची रीत आढळते: निंदणी, घर उभारणी अशा कामाला शेजारी मजुरी न घेता येतात, घरधनी त्यांना जेवू घालतो आणि पुढे त्यांच्या कामाला स्वतः जातो. मार्सेल मॉस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, दिलेली वस्तू परतफेडीचे बंधन सोबत घेऊन जाते, असे दाखवले होते. लाहमधले जेवण हे त्याचे चोख उदाहरण ठरेल, कारण त्या ताटाची किंमत पैशाने चुकती केली तर नातेच संपते.

मोहाची कथा इतकी सरळ नाही. रात्रीतून गळलेली फुले पहाटे वेचून वाळवली जातात, त्यांची दारू गाळली जाते, आणि तिची धार जमिनीवर सोडल्याखेरीज पूजा किंवा लग्नाची बोलणी पुरी होत नाहीत. तरीही १९७० च्या दशकाच्या आरंभी शहादा तालुक्यात अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांच्या चळवळीत उतरलेल्या आदिवासी स्त्रियांनी गावोगाव फिरून दारूची मडकी फोडली. देवाच्या नावाची धार घरात मारहाण होऊन परतते, हे त्यांना सांगायला बाहेरचा कोणी सुधारक लागला नाही; परंपरेचे गोडवे गाणाऱ्या लेखनात या मडक्यांचा उल्लेख क्वचितच येतो.

आता या अन्नव्यवहारात शासनाचे ताट आले आहे. कुपोषणासाठी हा जिल्हा वारंवार चर्चेत येतो, आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये राज्यात सुरू झालेल्या डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत आदिवासी भागांतील स्त्रीला गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत एक वेळचे चौरस जेवण दिले जाते. ते अंगणवाडीतच बसून जेवणे अपेक्षित आहे, आणि यामागचे कारण उघड आहे: घरी नेलेले अन्न वाटले जाते. ज्या समाजात एकट्याने खाणे हेच गैर, तेथे एका देहाला मोजून दिलेले जेवण त्या देहापर्यंत पोचवण्यासाठी घराचा उंबरा टाळावा लागतो. गरज खरी आहे, उपायही योग्य आहे. पण बरोबर आलेल्या थोरल्या पोराच्या हातात आईने ताटातले उकडलेले अंडे ठेवले, तर योजनेच्या हिशेबात ती गळती ठरते आणि पाड्याच्या हिशेबात तिने फक्त रांग पाळलेली असते.