कसला वास?

(आपल्या 1995 च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता 'मेंदू आणि जाणीव'. मी सॉफ्टवेअरमधली, डॉक्टर नाही. पण गेली तीन वर्षं हा विषय आमच्या घरातच मुक्कामाला आहे, म्हणून हो म्हटलं. मोठ्या विषयाचा एक छोटा तुकडा घेते: वास.

आपण लहान असताना दर मे महिन्यात पुण्याहून माझी मावशी यायची. मीरा रोड सोडून गाडी भाईंदरकडे निघाली, मिठागरं दिसायला लागली, की तिचा रुमाल नाकाला लागायचा. खाडीचा चिखल, मिठागरांचं पाणी. मग आम्ही तिला उत्तनला फिरायला न्यायचो, तिथे बांबूवर टांगलेले बोंबील. ती म्हणायची, "अगं, या वासात तुम्ही राहता तरी कसे?" आणि आम्ही भावंडं खरोखर बुचकळ्यात पडून विचारायचो, "कसला वास?"

आम्ही खोटं बोलत नव्हतो. आम्हाला तो येतच नव्हता.

आज सकाळी खूप वर्षांनी भाईंदर स्टेशनवर उतरले आणि सगळ्यात आधी तोच वास आला. क्षणभर मी दप्तर पाठीला लावून उभी होते. तुमच्यातल्या जे अजून इथेच राहतात त्यांना विचारलं, तर उत्तर आलं, "कसला वास?"

यामागचं गणित असं. नाकाच्या छताशी लाखो पेशी असतात. त्यांच्यावर वासाचे कण पकडणारे साधारण 400 प्रकारचे ग्राहक असतात. कुठलाही एक वास म्हणजे त्यातल्या अनेक ग्राहकांचा मिळून झालेला एक नमुना. हे ग्राहक तयार करणारी जनुकं लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी 1991 मध्ये शोधली आणि त्यासाठी त्यांना 2004 चं नोबेल मिळालं. पण तोच नमुना सतत येत राहिला, तर काही मिनिटांतच पेशींचा प्रतिसाद मंदावतो आणि मेंदूही त्याची दखल घेणं सोडतो. मेंदूला बातमी हवी असते. रोजचीच गोष्ट ही त्याच्या लेखी बातमी नव्हे.

मग इतक्या वर्षांनी तो वास एकदम शाळेत कसा घेऊन गेला? पाहिलेलं, ऐकलेलं सगळं आधी मेंदूतल्या थॅलॅमस या केंद्रातून पुढे जातं. आपण दादरला गाडी बदलतो तसं. वासाला मात्र थेट गाडी आहे. तो थॅलॅमसला न थांबता भावना आणि स्मरण यांच्याशी जोडलेल्या भागांपर्यंत पोहोचतो. म्हणून नव्या वह्यांचा वास आला की आधी पोटात गोळा येतो आणि मग आठवतं, जून महिना!

आता एक गोष्ट सांगते, जी शाळेत असताना कुणी सांगायला हवी होती असं मला वाटतं. वासाच्या विज्ञानातलं फार महत्त्वाचं काम आपल्याच मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत झालं. 1962 मध्ये होमी भाभांच्या बोलावण्यावरून ओबैद सिद्दीकी तिथे आले आणि त्यांनी रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग उभा केला. पुढे सत्तरच्या दशकात व्हेरॉनिका रॉड्रिग्ज ही तरुण मुलगी त्यांच्याकडे पीएच.डी. करायला आली. घराणं मूळचं गोव्याचं, जन्म केनियातला, शिक्षण डब्लिनचं. या दोघांनी अभ्यासाला घेतली ती ड्रोसोफिला, म्हणजे आपल्या घरी पिकलेल्या केळ्यांवर बसतात ती चिलटं.

त्यांना वास न येणारी चिलटं शोधायची होती, म्हणजे कुठल्या जनुकातल्या बिघाडाने वास जातो ते कळलं असतं. पण चिलटाला वास येत नाही हे ओळखायचं कसं? ते तर बोलत नाही. उडतं नीट, खातं नीट, दिसायला इतरांसारखंच. त्यांनी साधी युक्ती वापरली. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची नळी. एका फाट्यात वास, दुसऱ्यात साधी हवा. चिलटं कुठल्या फाट्यात जातात ते मोजायचं. वास येणारी एका बाजूला जास्त जातात. वास न येणारी दोन्हीकडे सारखीच. अशी चाचणी करत त्यांनी वेगवेगळे बिघाड असलेले वाण वेगळे केले. त्यातल्या काहींना एका गटातले वास कळत नव्हते, पण दुसऱ्या गटातले व्यवस्थित कळत होते. म्हणजे वास हा एका बटणाचा दिवा नाही, त्याला अनेक वेगळ्या तारा आहेत. पुढे 1984 मध्ये रॉड्रिग्जबाईंनी एका सहकाऱ्याबरोबर हेही दाखवलं, की वेगवेगळ्या वासांनी चिलटाच्या मेंदूतल्या वेगवेगळ्या जागा जाग्या होतात. बक आणि ॲक्सेल यांच्या शोधाच्या सात वर्षं आधी. रॉड्रिग्जबाई 2010 मध्ये गेल्या, सिद्दीकी 2013 मध्ये.

माझ्या मनात घर करून राहिली ती वाय नळी. कारण आमच्या धंद्यात हा प्रश्न रोजचा आहे. सर्व्हरकडून रात्रभर एकही तक्रार आली नाही, तर दोन शक्यता असतात. सगळं ठीक आहे, किंवा तक्रार कळवणारी यंत्रणाच बंद पडली आहे. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं: शांतता. म्हणून आम्ही दर मिनिटाला मुद्दाम विचारतो, "आहेस का?" उत्तर आलं तरच ती शांतता खरी मानतो.

हे मी कामावर रोज करते. घरी केलं नाही.

माझी आई तुमच्यातल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. मधल्या सुट्टीत माझा डबा कधी माझ्या वाट्याला पूर्ण आलाच नाही, तो तिच्यामुळे. तीन वर्षांपूर्वी तिचा उजवा हात थरथरायला लागला आणि तिला पार्किन्सन्स असल्याचं कळलं. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "यांना वास यायचा कधीपासून बंद झालाय?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आई म्हणाली, "मला येतो की वास." डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगितलं आणि एकामागून एक चार गोष्टी नाकाशी धरल्या. तिला एकही ओळखता आली नाही. कॉफीसुद्धा. जन्मभर सकाळी कॉफी पिणारी ती बाई डोळे उघडून डबीकडे बघत राहिली.

मग एकेक आठवायला लागलं. दूध करपून काळं होईपर्यंत ती शेजारी उभी. फोडणीत हिंग दुप्पट. आमटीची चव बदललेली. आणि मी काय म्हणत होते? "आई, लक्ष कुठे असतं गं तुझं?" कित्येक वर्षं मी तिला हेच ऐकवत होते. ती बिचारी म्हणायची, "हो गं, वय झालं." लक्ष तिचं होतं. नाक कळवत नव्हतं. आणि नाक कळवत नाही हे तिला कोण कळवणार?

पार्किन्सन्समध्ये बऱ्याच रुग्णांची वासाची जाणीव हात थरथरायच्या कित्येक वर्षं आधी कमी होते. हाइको ब्राक या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने 2003 मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूंच्या अभ्यासातून मांडलं, की या आजारातल्या प्रथिनांच्या गाठी अगदी सुरुवातीला ज्या भागांत दिसतात, त्यांत वासाचं केंद्रही आहे. पण ही जाणीव हळूहळू कमी होत असल्याने ती ज्याची जाते त्यालाच अनेकदा पत्ता नसतो. मेंदू बदल कळवतो. 'नाही' हे तो कळवत नाही. समोर आलेल्या माहितीवरून तो पूर्ण जग उभं करतो, आणि जे आलंच नाही त्याची जागा रिकामी ठेवत नाही.

आई आज घरी आहे, औषधं चालू आहेत, बरी आहे. आधी कळलं असतं तर आजार टळला असता असं नाही, तो थांबवणारं औषध अजून नाही. पण मी तिला इतकी वर्षं बोलले नसते. आणि स्वयंपाकघरात गॅसच्या गळतीचा अलार्म आधीच बसवला असता. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास जवळपास नसतो. तो कळावा म्हणून त्यात उग्र वासाचं रसायन मिसळतात. ती सगळी सोय नाक शाबूत आहे असं धरून केलेली आहे.

म्हणून एकच विनंती. आपण सगळे आता आईवडिलांच्या आजारपणाच्या वयात आलो आहोत. घरी गेल्यावर त्यांना "वास येतो का?" असं विचारू नका, ते "हो" म्हणतील. डोळे मिटायला सांगा आणि कॉफी, हिंग, लवंग, लिंबाची साल ओळखायला द्या. बाम देऊ नका. त्याची झणझण वेगळ्या नसेने कळते, वास गेला तरी ती जाणवते. ओळखता आलं नाही तर घाबरूनही जाऊ नका. सर्दी, सायनस, कोविड, नुसतं वय, यानेही वास जातो, आणि वास गेलेल्या बहुतेकांना पार्किन्सन्स होत नाही. पण डॉक्टरांना सांगा, गॅसचा अलार्म बसवा, आणि आमटी खारट झाली तर बोलण्याआधी थोडं थांबा.

समोर बसलेल्या सर आणि बाईंनाही हीच विनंती. तुम्ही आमच्या इतक्या चाचण्या घेतल्यात. ही एक आमच्याकडून घ्या, याला मार्क नाहीत.

आणि मित्रांनो, आज संध्याकाळी स्टेशनवर जाताना, भाईंदरकर असाल तरी, एकदा थांबून मुद्दाम श्वास घ्या. आपली खाडी अजून तिथेच आहे.